बैलाच्या शिंगाची वायर

आमच्या खानदानात पहिली डिग्री माझी. बी.एस्सी., विषय भौतिकशास्त्र. कुणी विचारलं नाही तरी मी हे आजही सांगते, आणि सांगताना आवाज थोडा चढतोच, त्याला इलाज नाही. ज्या घरात सरकारी कागदावर अंगठेच उठत आले, त्या घरातून एसटीत उभं राहून रोज वाशीमला जाऊन मी तो कागद आणला. पण त्याच कागदाची एका वीतभर वायरीनं आठ दिवस जी फजिती केली, तशी पुढं कुठल्या परीक्षेनं केली नाही, कुठल्या साहेबानं केली नाही. ते आठ दिवस सांगायचे तर आधी दादाचा टीव्ही गेम सांगावा लागतो.

अनसिंगपासून तीन किलोमीटर आत आमचं गाव. टिनाच्या दोन खोल्या, पुढं ओसरी, ओसरीत एका कोपऱ्यात चूल आणि दुसऱ्या कोपऱ्यात टीव्ही. म्हणजे भाकर थापण्याचा आवाज आणि टीव्हीचा आवाज एकाच जागी ऐकायचा. गजूदादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तो नववीत नापास झाला त्या वर्षी बाबांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की दोघांचं शिक्षण होणार नाही, एकाचंच होईल. दादानं माझ्याकडं बोट दाखवलं. मग तो मुकादमाच्या गाडीत बसून पुण्याकडच्या वीटभट्टीवर गेला, आणि पहिल्या हंगामाहून परत आला तो अनसिंगच्या बाजारातून हा टीव्ही गेम घेऊनच. राखाडी डबा, त्याच्या डोक्यावर पिवळी कॅसेट खोचायची, दोन रिमोट, आणि मागं खोचायची एक सुटी वायर, तिच्या टोकाला दोन पिना, एक पिवळी, एक पांढरी. जुन्या पेटीएवढ्या टीव्हीच्या मागं पिवळीत पिवळी, पांढरीत पांढरी घातली की झालं. त्याला ना डिग्री लागत होती ना वीज समजावी लागत होती.

आम्ही एकच गेम खेळायचो, रणगाड्यांचा. खाली मधोमध विटांचं एक घर, ते दोघांनी मिळून राखायचं. शत्रूची गोळी लागली की एकेक वीट फुटे. दादा म्हणायचा, वर्षभर भट्टीवर विटा पाडतो आन् घरी येऊनबी विटाच सांभाळतो, माह्या नशिबाले दुसरा खेळच नाई. तो पुढं जाऊन लढायचा आणि मी घरापाशी थांबायचे. माय चुलीवरून ओरडायची की भाकरी थंड्या होऊन राह्यल्या, तेव्हा तो मधलं बटन दाबून खेळ थांबवायचा. रणगाडे जिथल्या तिथं उभे. आम्ही ठेचा-भाकर खाऊन, हात धुऊन परत यायचो तर ते तसेच उभे असायचे. फक्त लाईट जायला नको. त्या डब्याला काही लक्षात ठेवता येत नव्हतं. लाईट गेली की सगळं पुसलं, परत पहिल्यापासून. आणि आमच्या फीडरची लाईट सकाळी दहाला हमखास जायची. अख्ख्या गावाची घड्याळं त्यावर लावावी इतकी नेमानं.

दादा दरवर्षी पावसाळ्यात घरी असे, कारण पावसात भट्टी बंद. माझ्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागला त्या पावसाळ्यात मात्र तो आला नाही, तिकडंच स्लॅबच्या सेंट्रिंगच्या कामाला राहिला. पोळ्याच्या तोंडावर त्यानं पैसे पाठवले आणि फोनवर सांगितलं की मोठा, पातळ, भिंतीले लटकते तो टीव्ही घ्या. तो घेताना कारभार सगळा माझा. जुना टीव्ही बदल्यात देऊन टाका म्हणून मीच सांगितलं. नव्याचं खोकं मीच फोडलं, इंग्रजी पुस्तिका उघडून पहिली चार पानं मोठ्यानं वाचली, शेजारच्या दोन काकू तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. खोक्यातून रिमोट निघाला, खिळे निघाले आणि वीतभर वायर निघाली. तिच्या एका टोकाला हेडफोनसारखी बारीक पिन, दुसऱ्या टोकाला तीन तोंडं, पिवळं, पांढरं, लाल. मायनं विचारलं, हे काय हाये वं. मी पुस्तिकेचं पाचवं पान न उघडताच सांगितलं, जुन्या जमान्याचं हाये, आपल्याले लागत नाई.

माय काही फेकत नसते. तिनं ती वायर उचलून ठेवली, आणि पोळ्याच्या दिवशी ती बाबांच्या हाती लागली. आमची खरी जोडी विकली तेव्हापासून पोळ्याला आम्ही सुताराकडून घडवलेली लाकडी जोडी पूजायचो. तीच जोडी वर्षभर देवाच्या फळीवर उभी असे. त्या साली गोंडे आणायचे राहिले होते. बाबांना त्या वायरीचे तीन रंग पाहून आनंद झाला. त्यांनी ती उजव्या बैलाच्या शिंगाला गुंडाळली, तिन्ही तोंडं कपाळावर लोंबत सोडली. सगळे म्हणाले, शोभते. मीही म्हणाले. हे लिहिताना मला हसू येत नाही, अजूनही दात खावेसे वाटतात.

दसऱ्याला आठ दिवस असताना दादा आला. सोयाबीनची सोंगणी जोरात होती, गावभर थ्रेशरचा धडधडाट आणि भुसा, दारं लावली तरी भाकरीत कचकच लागायची. दादानं बॅग ठेवली, टीव्हीपुढं उभा राहून दोन्ही हात कमरेवर ठेवून तो बराच वेळ पाहिला, आणि मग सरळ लोखंडी पेटीकडं गेला. मायच्या जुन्या लुगड्यात बांधलेला टीव्ही गेम बाहेर काढला. टीव्हीच्या मागं हात घालून चाचपला. पिवळ्या-पांढऱ्या पिनांना जागाच नव्हती. चपट्या तोंडाची दोन भोकं, एक चौकोनी, एक बारीक गोल. तो मागं सरला आणि अगदी निर्धास्तपणे म्हणाला, "वंदे, तू जोडून दे. तू सायन्सची हायेस."

भट्टीवर तो काय सांगत असे ते मला त्याच्यासोबतच्या बायांकडून कळलं होतं. आठ जण एका ताडपत्रीखाली जेवायला बसत, आणि हा सांगे, माही बहीण ग्रॅज्युएट हाये, शिकेल माणूस कुठंच अडत नाई. त्याच्या सगळ्या हंगामांच्या बदल्यात त्याच्याकडं हे एकच वाक्य होतं. ते खोटं पडू द्यायचं नव्हतं, म्हणून मी म्हणाले, उद्या जोडते.

दुसऱ्या दिवशी सोंगणीला दांडी मारून मी अनसिंगला गेले. मोबाईलच्या दुकानातल्या माणसानं एक वायर दाखवली. एका टोकाला चपटं तोंड, दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना. मला वाटलं, देव पावला. दीडशेत काम झालं. घरी येऊन टीव्हीला लावली तर निळ्या पडद्यावर इंग्रजीत उमटलं की सिग्नल नाही. वायर उलटी करून पाहिली, हलवून पाहिली, कॅसेट फुंकून पाहिली. दादानं रिमोट हातात धरून ठेवला होता, तो हळूच खाली ठेवला. मी परत अनसिंगला गेले. दुकानदार म्हणाला, वायरीले वापसी नसते ताई, आन् नुसत्या वायरीनं होतबी नाई, मधात मशीन लागते. मग आधी काहून नाई सांगतलं, असं मी विचारलं, तर म्हणे, तुमी विचारलं कुठं, तुमी तर सांगून राह्यल्या होत्या. ते खरं होतं. दुकानात शिरल्याबरोबर मी त्याला जुनी वीज आणि नवी वीज यातला फरक समजावून दिला होता.

मधल्या दिवशी शेतात जावंच लागलं. माय विळा चालवता चालवता बोलत होती, कुणाकडं न पाहता, जसं माय बोलत असते. सोयाबीन वाळून शेंगा फुटून राह्यल्या, आन् आमच्या घरी वायरीचं लग्न लागून राह्यलं. दादा हसला. मला हसू आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वाशीमला गेले. एसटीत भुशानं माखलेली माणसं, आणि मी इस्त्रीचा ड्रेस घालून पर्समध्ये गेमची वायर घेतलेली. मोठ्या दुकानात पिनेचा नमुना दाखवला. काउंटरवरच्या माणसानं मान न उचलता आगपेटीएवढी पांढरी डबी पुढं सरकवली. एका बाजूला चपटं तोंड, दुसऱ्या बाजूला तीन रंगीत तोंडं. वर इंग्रजीत लिहिलेलंही होतं. मी वाचलं. वाचलं, आणि माझ्या शहाण्या डोळ्यांनी हवं तेवढंच वाचलं. चपट्याचं नाव दिसलं, रंगीतचं नाव दिसलं, दोन्ही हजर आहेत म्हणजे जमलं. कोण आधी आणि कोण नंतर हे मी पाहिलं नाही. पहिल्या वायरीच्या तिप्पट दिले आणि विजयी होऊन घरी आले.

ओसरीत दादा, बाबा आणि शेजारच्या त्याच दोन काकू. मी सगळं जोडलं. डबीवरचा लाल दिवा लागला. निळा पडदा. सिग्नल नाही. टीव्ही बंद करून चालू केला. सिग्नल नाही. एक काकू म्हणाली, कॉलेजात हे नसन शिकोलं, नाई का वं. दुसरीनं तिला कोपर मारलं. मी पिना पुन्हा दाबून पाहिल्या. दादा जवळ येऊन डबी हातात घेऊन निरखत होता. म्हणाला, "वंदे, यावर बाण काढला हाये. टीव्हीकडून गेमकडं जाऊन राह्यला बाण. आपल्याले तर गेमकडून टीव्हीकडं न्यायचं हाये ना?"

बाण खरंच होता, नखाएवढा. तो मला दिसला, समजला, आणि समजल्यामुळंच माझं डोकं फिरलं. मी डबी त्याच्या हातातून ओढली आणि म्हणाले, "तू नववी नापास. तुले काय समजते यातलं?"

बाहेर थ्रेशर धडधडत होता. काकू उठून गेल्या. बाबांनी तंबाखू मळायला घेतली. दादा म्हणाला, "बरोबर हाये," आणि रिमोटच्या वायरी नीट गुंडाळायला लागला. एकेक वेढा, सारखा, भट्टीवर साच्यातली माती सारखी करतात तसा. त्या संध्याकाळी त्यानं भाकर खाल्ली, बाबांशी बोलला, माझ्याशीही बोलला. काहीच झालं नसल्यासारखा. त्यापेक्षा त्यानं कानाखाली द्यायला पाहिजे होती.

त्यानंतर मला गेम नको होता, मला ते वाक्य परत घ्यायचं होतं, आणि ते घेण्याचा दुसरा रस्ता मला सुचत नव्हता. माफी मागायची रीत आमच्या घरात नाही, आम्ही काम करून दाखवतो. नवमीच्या आदल्या दिवशी मी पुन्हा वाशीमला गेले. त्याच दुकानात बाण उलटा असलेली डबी मागितली. दुकानदार म्हणे, ती नसते आमच्याकडं, मागवावी लागते, दसरा झाल्यावर चार दिवसांनी येईन. मी म्हणाले, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊ जाणार आहे. तो म्हणाला, मग त्याले तिकडंच घेऊ द्या ना मॅडम. आणखी दोन दुकानं फिरले. एकानं सांगितलं, नवीन गेम घ्या. एकानं सांगितलं, भंगारात जुना टीव्ही शोधा, ज्याचा गेम त्याचा टीव्ही. आमचा जुना टीव्ही मीच देऊन टाकला होता हे मी त्याला सांगितलं नाही. येताना एसटीत खिडकीशी जागा मिळाली आणि अनसिंग येईपर्यंत मी बाहेर पाहत रडले. एका वायरीसाठी. आज माझ्या घरच्या टीव्हीला ढीगभर भोकं आहेत, प्रत्येकाचं नाव मला पाठ आहे, आणि त्या ज्ञानाचा आता कुणाला काही उपयोग नाही.

दसऱ्याला आमच्याकडं घरातली सगळी हत्यारं धुऊन पूजेत मांडतात. ओसरीत पाट, पाटावर विळे, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, माझी पुस्तकं, दादाचा विटांचा लाकडी साचा, आणि शेजारी फळीवरून उतरवलेली बैलजोडी. एकदा हळदकुंकू लागलं की दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा हलवेपर्यंत त्यातल्या कशालाच हात लावायचा नाही. त्या दिवशी हत्यारांना सुट्टी. बाबा हा नियम इतका पाळत की आदल्या दिवशीच भाजी चिरून ठेवायला लावत. दादानं त्या दिवशी न विचारताच टीव्ही गेम आणून पाटावर ठेवला. म्हणाला, हेबी माहं हत्यारच होतं. मी मान वर केली नाही.

मायनं पूजा केली. पुरणाचा वास, उदबत्तीचा धूर, भुशाचा वास. बाबा सोनं आणायला आपट्याच्या झाडाकडं गेले होते ते परत आले. मी नमस्काराला वाकले आणि तशीच राहिले. टीव्ही गेमच्या वायरीची टोकं बैलाच्या शिंगाला पोळ्यापासून गुंडाळलेल्या वायरीत घुसलेली होती. पिवळी पिन पिवळ्या तोंडात, पांढरी पांढऱ्यात, अशी नीट, जणू सुतारानंच तशी घडवली. लाल तोंड रिकामं. मी मायला विचारलं की हे कुणी केलं. ती म्हणाली, मीच केलं, तुह्या दादाच्या गेमची वायर पाटाखाली लोंबून राह्यली होती, पायात आली असती. ते तिथं बसते, म्हणून बसोलं.

मी उठून टीव्हीच्या मागं डोकं घातलं. बारीक गोल भोक, जे मी आठ दिवस हेडफोनचं समजत होते, त्याच्या बाजूला टीव्हीच्याच रंगाची बारीक अक्षरं. मग पेटीतून पुस्तिका काढली. पाचवं पान. त्यावर वायरीचं चित्रच होतं. माझा हात पाटाकडं गेला तसे बाबा म्हणाले, "हात नको लावू. पूजा हाये."

मी भांडले. सकाळी आठला गाडी येणार, मग कधी? बाबा ऐकेनात. मी म्हणाले, एका वायरीनं देव बाटत नाही. बाबा म्हणाले, देवाचं मी नाई सांगत, हत्याराचं सांगतो, त्याले एक दिवस हाये वर्षातून. मी दादाकडं पाहिलं, की हा तरी माझ्या बाजूनं बोलेल. तो बैलाच्या शिंगाकडं पाहून पोट धरून हसत होता. मग डोळे पुसून म्हणाला, राहू दे, सकाळी पाहू. आणि मला आपट्याची पानं दिली. म्हणाला, "सोन्यासारखी राह्य, मॅडम." मॅडम तो नेहमीच म्हणायचा. त्या दिवशी ते मला टोचलं, आणि टोचावं असंच ते म्हटलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही.

सकाळी मायनं चहाच्याही आधी पूजा हलवली. बैलाच्या शिंगाची वायर मी सोडवली तेव्हा हळदीनं माझी बोटं पिवळी झाली. बारीक पिन भोकात घातली, टीव्हीच्या रिमोटवर त्या भोकाचं नाव निवडलं, आणि निळा पडदा गेला. चित्र आलं. रंग नव्हते, सगळं काळंपांढरं. मी लगेच पिन हलवायला लागले, तर दादा खाली बसत म्हणाला, रंग कायले पायजे, विटा दिसून राह्यल्या ना. आम्ही खेळलो. तो पुढं, मी घरापाशी. तीन टप्पे पार झाले. मी पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, दादा, त्या दिवशी मी जे बोलली.

"खेळ," तो म्हणाला. "बोलू नको, वीट फुटते."

चौथ्या टप्प्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. तो खेळत राहिला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यानं मधलं बटन दाबलं. दोघांचे रणगाडे उभे राहिले, घराच्या तीन विटा शिल्लक. त्यानं बॅग उचलली, साचा खांद्यावर घेतला, मायच्या पाया पडला. दारातून वळून म्हणाला, "बंद करू नको. आल्यावर पुढं खेळू." मुकादमाच्या गाडीत मागं बाया, लेकरं, भांड्यांची पोती, त्यात तो चढला आणि गाडी फाट्याकडं गेली.

मी त्या दिवशी शेतात गेले नाही. मायनंही बोलावलं नाही. टीव्हीसमोर बसून राहिले, रिमोटला हात न लावता. काळे दोन रणगाडे, पांढरं आभाळ, तीन विटा. दहाला लाईट गेली. थ्रेशर मात्र चालूच राहिला, तो डिझेलवर होता.

दुपारी फोन आला. गाडी मेहकरच्या पुढं कुठंतरी जेवणाला थांबली होती, मागं माणसांचा गलका. माय बोलली, बाबा बोलले, मग त्यानं फोन मला द्यायला सांगितला. विचारलं, "चालू हाये ना?"

मी आयुष्यात तोंडावर खरं बोलणारी बाई म्हणून ओळखली जाते, आणि त्याबद्दल पुष्कळ नुकसानही सोसलंय. मी म्हणाले, "हो दादा. चालू हाये."

"मंग," तो म्हणाला, आणि मागच्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "शिकेल माणूस कुठंच अडत नाई."

आमच्या फीडरची लाईट दहाला जाते हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं.